मुदत ठेव आणि कुऱ्हाड

पैसे मुदत ठेवीत टाकायचे ही अक्कल एर्मिलाची, आणि ते सगळ्या आळीला सांगत सुटायचं ही साबिनोची. दोघांनाही आपापली अक्कल त्या वेळी फार पटली होती.

साबिनो मायता वांकायो शहरातल्या घोंगड्यांच्या गिरणीत गोदाम सांभाळायचा. लग्नाच्या आधीपासून सांभाळत होता, म्हणजे बघा. कुठलं गाठोडं कुठल्या फळीवर, कुठल्या कोपऱ्यात पाणी झिरपतं, कुठल्या मालाला उंदरानं तोंड लावलंय, हे त्याला घरी जेवतानाही दिसायचं. एका सोमवारी तो नेहमीच्या बसनं आमच्या हौहा गावाहून निघून गिरणीच्या फाटकाशी पोचला, तर फाटकाला साखळी आणि साखळीला कुलूप. रखवालदारही बाहेरच उभा होता, कारण त्यालाही कुणी आत घेतलं नव्हतं. बाहेरून येणाऱ्या स्वस्त घोंगड्यांपुढे आपला माल टिकत नाही, असं मालकांनी राजधानीतून, लिमातून कळवलं होतं म्हणे. साबिनोच्या खिशात गोदामाच्या किल्ल्या होत्या. त्या कुणाकडे द्यायच्या हे सांगायलाही कुणी नव्हतं, म्हणून तो दुपारपर्यंत तिथंच उभा राहिला आणि मग घरी आला.

कायद्याप्रमाणे हिशेबाची रक्कम मात्र मिळाली, आणि ती एकदम मिळाली. एवढे पैसे एका जागी त्यानं आयुष्यात पाहिले नव्हते आणि यापुढे पाहणार नव्हता, हे नवराबायकोला न बोलताच कळत होतं. पेन्शन सुरू व्हायला अजून बरीच वर्षं होती. लिमातल्या मुलाचं त्याचं त्यालाच पुरत नव्हतं. मधली सगळी वर्षं याच पैशांवर काढायची होती. एर्मिलानं दोन दिवस कुणाशी न बोलता शिवणयंत्र चालवलं आणि मग फर्मावलं की थोडे पैसे हाताशी ठेवायचे आणि बाकीचे पतपेढीत वर्षाच्या मुदतीनं कुलूपबंद करायचे. आपल्यालाच हात लावता येत नाही म्हटल्यावर दुसरा कोण लावणार, असा तिचा हिशेब होता.

दुसरे मात्र आधीच निघाले होते. आमच्या वरच्या आळीत बातमी पायी फिरत नाही, मोटारसायकलवरून फिरते. गोदामाच्या किल्ल्या ज्याच्याकडे होत्या त्याला इतरांपेक्षा जास्त मिळाले असणार, हे आळीनं परस्पर ठरवून टाकलं. एर्मिलाचा धाकटा भाऊ तेओफिलो याला प्रवासी वाहतुकीसाठी तीनचाकी घ्यायची होती आणि दाजींशिवाय त्याला जगात कुणी नव्हतं. चुलतभावाच्या नातवाचं जावळ होतं. आमच्याकडे जावळाची पहिली बट जो कापतो त्यानं ताटात नोटा ठेवायच्या असतात, आणि कात्री साबिनोच्याच हाती द्यायची असं पोराच्या आईनं देवाला बोलून ठेवलं होतं म्हणे. आळीच्या फुटबॉल संघाला नवे सदरे हवे होते. पाठीवर साबिनोचं नाव छापायचीही त्यांची तयारी होती.

साबिनोला नाही म्हणायची सवय नव्हती. गोदामात तो दिवसभर नाही म्हणायचा, पण ते सहीशिक्क्याच्या जोरावर. इथं त्याच्या मदतीला ठेव आली. तो सुस्कारा सोडायचा, दोन्ही हात पसरून दाखवायचा आणि म्हणायचा, सगळं ठेवीत अडकलंय, पुढच्या नाताळाच्या आधी सुटेल, तोवर माझे हात बांधलेले. मागणारा न रागावता उलट हळहळत जायचा. पुढं पुढं साबिनोला या वाक्याची गोडीच लागली. नोकरी गेलेला माणूस म्हटलं की समोरचा चेहरा पाडतो आणि घड्याळ बघतो. ठेव असलेला माणूस म्हटलं की तोच समोरचा खुर्ची पुढे करतो. साबिनोला खुर्चीवर बसायला आवडायचं. म्हणून न मागणाऱ्यांनाही तो आपण होऊन ठेवीचं सांगू लागला. न्हाव्याला सांगितलं, पाववाल्याला सांगितलं, प्रार्थनेनंतर पाद्रीबाबांनाही सांगितलं.

एर्मिलानं एकदा टोकलं. "ठेव आहे एवढं सांग आणि गप्प बस. तारीख कशाला सांगतोस?"

"तारखेशिवाय खरं वाटत नाही," तो म्हणाला.

घरात मात्र ठेवीचा थाट नव्हता. मटण रविवारपुरतं उरलं, मग एक रविवार सोडून. टीव्हीची जोडणी काढली. एर्मिला लोकांचे घागरे शिवायची, भरतकाम करायची, आणि आता दिवस मावळला तरी खिडकीशी बसून उरलेल्या उजेडात टाके घालायची. साबिनो रोज दाढी करायचा. दाढी झाली की कुठं जायचं नसायचं. आठवड्यातून एकदा तो बसभाडं खर्चून वांकायोला जायचा आणि गोदामागोदामातून फिरायचा. एका लोखंडाच्या दुकानात तिथल्या मुलीनं त्याचा अर्ज हातात घेतला, गोड हसली आणि विचारलं, "मुलासाठी का, काका?" तो हो म्हणाला. मुलाचं नाव काय, हेही त्यानं सांगितलं. परतीच्या बसमध्ये त्याला रडू आलं, आणि शेजारच्या बाईला त्यानं कांद्याच्या पोत्याकडे बोट दाखवलं.

असा कार्निव्हल आला. कार्निव्हलला आमच्या हौहात आळीआळीत झाड रोवतात. फांद्यांना बादल्या, पातेली, शाली, फुगे, बाहुल्या टांगतात, आणि भोवती नटूनथटून जोड्या फेर धरतात. नाचता नाचता एकेका जोडीला पुढे बोलावून कुऱ्हाड देतात. आधी बाप्याचे घाव, मग बाईचे. ज्या जोडीच्या घावानं झाड पडेल ती पुढच्या वर्षीची यजमान. झाड तिनं आणायचं, बँड तिनं सांगायचा, आळीला जेवू घालायचं आणि सगळे आडवे होईस्तोवर बिअर पाजायची. मान मोठा आहे. एकेका यजमानाची त्या मानापायी गुरंढोरं विकून झालीत, तरी मान मोठाच आहे.

यंदाच्या यजमान होत्या औषधाच्या दुकानवाल्या ओब्दुलियाबाई. त्यांना एक नवराही होता, पण तो बहुतेक वेळ गल्ल्यावर बसलेला असायचा. ओब्दुलियाबाई स्वतः दारात आल्या, एर्मिलाचा हात हातात घेतला आणि तुम्ही दोघं नाचायला आला नाहीत तर मी झाडच रोवणार नाही म्हणाल्या. आता एवढ्यावर कोण नाही म्हणेल? आणि गेलो नाही तर मायता बुडाले अशी हाकाटी होईल, असं एर्मिलाला वाटलं. नाचायला काही पैसे पडत नाहीत, झाडाला टांगायला एक प्लास्टिकची बादली नेली की झालं. साबिनोनं लग्नातला सूट काढला. तो पोटाशी आता सैल होत होता. एर्मिलानं एका गिऱ्हाइकाचा शिवून तयार असलेला, अजून न नेलेला घागरा नेसला आणि देवाची क्षमा मागितली.

दुपारच्या जेवणाला ओब्दुलियाबाईंनी साबिनोला आपल्या शेजारी बसवलं. कोबी, डुकराचं मटण आणि पीच घातलेला कार्निव्हलचा रस्सा त्यांनी त्याला दोनदा वाढला, आणि दुसऱ्यांदा वाढताना तळातल्या फोडी शोधून वाढल्या. साबिनो सुखावला. बऱ्याच दिवसांनी त्याच्या ताटात एवढं मटण आलं होतं, आणि ते कुणीतरी आग्रहानं वाढत होतं. जेवण झाल्यावर तेओफिलो बिअरची बाटली आणि पेला घेऊन त्याच्याजवळ सरकला. त्याच्या पोटात आधीच बरंच काही गेलं होतं.

"दाजी, आळीचा तुमच्यावर फार जीव आहे," तो म्हणाला. "उगाच नाही तुम्हाला दोनदा वाढलं."

"म्हणजे?"

"म्हणजे आज झाड तुमचं. बाईंनी सगळ्यांना सांगून ठेवलंय, शेवटचा घाव साबिनोभाऊंसाठी राखा. उद्या एखाद्या फाटक्याच्या हातनं झाड पडलं तर पुढच्या वर्षी कसला कार्निव्हल? नाताळाच्या आधी हातात रोकड येणार, असा आळीत तुमच्याशिवाय आहेच कोण?"

तेओफिलोनं पेला रिकामा करून तळाचा फेस जमिनीवर झटकला आणि बहिणीचं नशीब बघून डोळे भरून आल्यासारखं तोंड पुसलं. साबिनो एर्मिलाला शोधत गेला. ती बायकांमध्ये उभी राहून अंगावरच्या घागऱ्यावर काही सांडू नये म्हणून बिअर लांब धरून पीत होती. त्यानं तिला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं.

तारखेचं एर्मिलाला आठवलं असणार, पण तिनं ते काढलं नाही.

"घरी जाऊ," साबिनो म्हणाला. "पोटात दुखतंय सांगतो."

"दोनदा हादडून? सगळ्यांनी बघितलंय." मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "हळू मारायचं. बोलावतील तेव्हा जायचं, हसायचं आणि हळू मारायचं. आपल्या घावानं पडलं नाही म्हणजे झालं. म्हातारपण आहे आपलं त्या ठेवीत, साबिनो."

तेवढ्यात सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट वाजू लागले आणि फेर सुरू झाला. जोड्यांनी हातात हात गुंफले. एकदा फेरात अडकलं की सुटका नाही.

पहिल्या पाळीत सगळं रीतसर झालं. तरण्या जोड्यांनी दणादण घाव घातले. ढलप्या उडाल्या, लोकांनी शिट्या वाजवल्या. साबिनोची पाळी आली तेव्हा त्यानं कुऱ्हाड मोठ्या ऐटीत डोक्यावर नेली आणि बुंध्याशी आणता आणता तिच्यातला सगळा जीव काढून घेतला. ओब्दुलियाबाईंनी टाळ्या वाजवल्या. लाजतायत आमचे भाऊ, असं त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या.

दुसऱ्या पाळीला बुंधा निम्म्याहून कमी उरला, आणि मग मजा झाली. साबिनोसाठी राखायचं म्हणून लोक जपून मारू लागले. पण जपून मारता मारता एकेकाच्या तोंडाकडे साबिनोनं बघितलं, आणि त्याच्या ध्यानात आलं की हे नुसतं त्याच्यासाठी जपणं नाही. वाहतुकीचा ट्रक असलेला माणूस घाव घालताना डोळे मिटत होता. त्याचा ट्रक गेले काही महिने दारात उभा होता. शाळेतल्या मास्तरानं तर कुऱ्हाड बुंध्याला नुसती टेकवली. तेओफिलोला पुढं बोलावलं तेव्हा त्याची नशा एकदम उतरली आणि त्यानं बुंध्याशेजारच्या जमिनीवर घाव घातला. झाड आपल्याच हातनं पडेल म्हणून जो तो घाबरला होता. साबिनोला त्या सगळ्यांची दया आली, आणि राग आला, कारण त्यांना स्वतःला नको असलेलं ते त्याच्या पानात वाढायला निघाले होते.

झाड काही पडेना. बुंधा मनगटाएवढा उरला, वर बादल्या आणि पातेली हेलकावे घेत होती, आणि जोड्या भोवती फिरत होत्या. कोण नाचतंय आणि कोण नुसतं चालतंय हे कळेनासं झालं. पोरं पातेल्यांखाली टपून बसून कंटाळली. बँडवाला येऊन म्हणाला की ठरलेली वेळ संपली, पुढचे पैसे वेगळे. हे ऐकून ओब्दुलियाबाईंचा नवरा पहिल्यांदा बोलला. संपवा म्हणाला. बाईंनी कुऱ्हाड उचलली, फेर तोडला आणि सरळ साबिनोच्या हातात आणून दिली. पाळीबिळी राहिली बाजूला.

"भाऊ, आता आळीची लाज तुमच्या हातात."

साबिनो बुंध्याशी गेला. गोदामात त्यानं आयुष्यभर कुठलंही काम अर्धवट केलं नव्हतं, आणि आता सगळ्या आळीसमोर एक काम जाणूनबुजून बिघडवायचं होतं. त्याची त्यालाच कीव आली. झोपलेल्याला उठवायला नको म्हणून दारावर टकटक करावी तसे त्यानं घाव घातले. झाड करकरलं, वाकलं, आणि तसंच वाकून उभं राहिलं. लोकांनी रोखलेला श्वास सोडला. साबिनोच्या पाठीवर घामाचा पाट वाहत होता. सुटलो, असं त्याला वाटलं. त्यानं कुऱ्हाड एर्मिलाच्या हातात दिली आणि डोळ्यांनी तिला विनवलं.

एर्मिलानं कुऱ्हाड उचलली. घागऱ्याचा घेर सावरला. घाव बसला, आणि झाड बादल्या, पातेली, फुगे आणि शाली घेऊन सरळ आडवं झालं.

पुढचं साबिनोला नीट आठवत नव्हतं. पोरं आणि बाया त्याच्या अंगावरून झाडावर तुटून पडल्या. कुणीतरी त्याच्या डोक्यावर पीठ उधळलं. ओब्दुलियाबाईंनी आपल्या आणि नवऱ्याच्या अंगावरचे यजमानाचे रेशमी पट्टे काढून त्या दोघांच्या छातीवर बांधले आणि इतक्या घट्ट मिठ्या मारल्या की त्यांच्या सुटकेचा आनंद अंगाला लागत होता. आळीतल्या बायकांनी एर्मिलाला वाखाणलं. नवऱ्याची छाती झाली नाही, पण बाईची झाली, असं सगळं हसत चाललं होतं. एर्मिलाचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता, आणि पीठही लागलेलं होतं, म्हणून कुणाला कळलं नाही.

पण एक गोष्ट साबिनोला नीट आठवत होती. गर्दीतून ट्रकवाला त्याच्यापाशी आला आणि म्हणाला, यजमान, पुढच्या वर्षी बँड कुठला सांगणार? साबिनोनं तोंड उघडलं, आणि त्याच्या तोंडून त्याचा जुना आवाज निघाला. बँड कधी सांगावा, बयाणा किती द्यावा, झाड गेल्या वर्षीसारखं ओलं आणलं तर घाव कसे रुततात, बिअरच्या पेट्या सावलीत कशा रचायच्या, हे सगळं तो सांगत गेला. मास्तर ऐकायला आला. मग आणखी दोघं आले. कुणी घड्याळ बघितलं नाही.

दिवस मावळता मावळता दोघं घराच्या वाटेला लागली. साबिनो आधी तापलेला होता. एर्मिलाशी पुन्हा बोलायचं नाही असंही त्यानं ठरवलं होतं. पण चढावर दोनदा लोकांनी त्याला यजमान म्हणून हाक मारली, आणि दोन्ही वेळा त्यानं टोपी काढली. चढ संपेपर्यंत त्याच्या मनात सगळं उलगडत गेलं. बायकोनं हे मुद्दाम केलं होतं. इतके दिवस ती खिडकीशी टाके घालत त्याला बघत होती. तो दाढी करून नुसता बसतो, कुणी दार वाजवलं की मागच्या खोलीत जातो, हे तिनं बघितलं होतं. म्हातारपण उधळलं तिनं, पण त्याच्यासाठी उधळलं.

दारापाशी आल्यावर तो थांबला.

"एर्मिला, मी चिडलो होतो. आता कळलं मला. किती महिन्यांत मला कुणी कामाचं काही विचारलं नव्हतं गं. पैसे जातील, जाऊ देत. तू मला काम मिळवून दिलंस."

एर्मिला पायरीवर बसली. परक्याच्या घागऱ्याची तिला आता पर्वा राहिली नव्हती. तिनं पट्ट्याचं टोक तोंडात कोंबलं आणि ती हमसून हमसून रडू लागली.

"मी मुद्दाम नाही मारली रे," ती म्हणाली. "हळूच मारायची होती. तुझ्याहून हळू. हात घामानं ओला होता, कुऱ्हाड सटकली आणि आपली आपण जाऊन बसली. मी सगळं बुडवलं, साबिनो. आता आपण खायचं काय?"

साबिनो पायरीशी उभाच राहिला. त्याला हसायला येत होतं आणि हसता येत नव्हतं. मग तो तिच्याजवळ बसला, तिच्या तोंडातून पट्ट्याचं टोक हलकेच काढून घेतलं आणि रेशीम खराब होऊ नये म्हणून आपल्या बाहीला पुसून सरळ केलं.

"हे कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला. "आणि सकाळी मला लवकर उठव. बँडवाल्याला घरी गाठायचंय. चांगल्या बँडच्या तारखा आत्ताच भरतात."